फाइल माझ्या कपाटात आहे

पलूस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी दिवेलागणीला तुझे आप्पा घरी आले होते. हातात वायरची पिशवी, पिशवीत तुझी निळी फाइल. चहा निम्मा झाल्यावर त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "सर, ही द्यायची का नको, तेवढं सांगा." मी उघडून बघितली. दहावी-बारावीची गुणपत्रकं, पदवी, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेयर, सगळे अस्सल कागद. दहावीच्या गुणपत्रकाच्या खालच्या कोपऱ्याला तो पिवळट डाग अजून तसाच आहे. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा तुझ्या आईनं धान्य सोडलं, भांडीकुंडी सोडली आणि ही एवढी फाइल खताच्या पिशवीत गुंडाळून डोक्यावर धरली, मग नावेत पाय ठेवला. तेच कागद आता, पैसे घेऊन सरकारी नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या एका परक्या माणसाला द्यायचे. का, तर हमी म्हणून.

फाइल मी ठेवून घेतली. आप्पांना त्यातून सुटल्यासारखं झालं, ते दिसत होतं. तुला राग आला, तेही फोनवर कळलं. मला तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून बसून लिहितोय.

"सर, चार वर्षं अभ्यासिकेत काढली. प्रामाणिक राहून काय मिळालं?" असं तू विचारलंस. विश्रामबागच्या खोलीचं भाडं, मेसचा डबा, परत पाठवलेली दोन स्थळं, दिवाळीला घरी आल्यावर "काय, कुठवर आलंय?" म्हणून विचारणारी भावकी, हे सगळं मी जवळून बघितलंय. त्यामुळे चांगल्याचं चांगलंच होतं असलं काही मी तुला लिहिणार नाही. तो माणूस तुला नेमकं काय विकतोय, एवढंच तुझ्यापुढं मांडतो.

चौदा लाख मागितलेत. चार आत्ता, दहा यादीत नाव आल्यावर. शिवाय अस्सल कागद आणि सही केलेला कोरा चेक. नाव आलं नाही तर चार लाख परत. आप्पांना ही शेवटची अट फार आवडली होती. "परत देतो म्हणतोय, म्हणजे माणूस शब्दाचा असणार," असं ते दोनदा म्हणाले.

तुझं अंकगणित पक्कं आहे, तूच हिशेब कर. समज, त्यानं पन्नास पोरांकडून असे पैसे घेतले. पन्नासही जण तुझ्यासारखे, तीन-चार वर्षं अभ्यास केलेले. त्यातले चार-पाच आपल्या हिमतीवर यादीत येणारच, तो असो वा नसो. जे आले त्यांच्याकडून उरलेले दहा लाख वसूल: "बघा, केलं का नाही काम?" जे आले नाहीत त्यांना "या वेळी वरून फार टाइट होतं" म्हणायचं आणि पैसे परत द्यायचे, तेही वर्षभर हेलपाटे घालायला लावून, तुकड्या-तुकड्यानं. तोवर दोन कोटी त्याच्याकडं वापरायला. त्यानं पेपर फोडलेला नसतो, कुठल्या अधिकाऱ्याच्या दारातही तो गेलेला नसतो. आणि पैसे परत दिले म्हणून पंचक्रोशीत त्याचं नाव होतं ते वेगळंच. बाळ, तो तुला तुझेच मार्क विकतोय.

मी हे ऐकीव सांगत नाही. माझाच एक विद्यार्थी, फार हुशार, रान विकून असाच पैसे भरून बसला आणि लागला. त्याला मी अपूर्णांकापासून शिकवलंय. तो कशाच्या जोरावर लागला ते मला पक्कं ठाऊक आहे. पण त्याच्या घरात आजही "साहेबांनी काम केलं" असंच म्हणतात, आणि तोही मान डोलावतो. रान गेलं त्यापेक्षा मला याचं जास्त वाईट वाटतं. पहाटे चारला उठून केलेला अभ्यास त्याचा, आणि त्याचं श्रेय त्या माणसाच्या नावावर जमा.

आता, ज्यांचे हात खरोखर आतपर्यंत पोचलेले असतात त्यांचं काय? तेही असतात. २०२० च्या जानेवारीत झालेली टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आठव. नापासांचे गुण वाढवून त्यांना पास दाखवलं गेलं. परीक्षा परिषदेच्या आयुक्तालाच २०२१ च्या डिसेंबरात पुण्याच्या सायबर पोलिसांनी अटक केली. म्हणजे तिथं सेटिंग खरं होतं, अगदी वरपर्यंत होतं. मग त्या उमेदवारांचं काय झालं? २०२२ च्या ऑगस्टमध्ये ७,८७४ जणांचा निकाल रद्द झाला, पुढच्या टीईटीलाही त्यांना बंदी घातली आणि यादी जाहीर झाली, नावांसकट. त्यातले काही तोवर शाळेत शिकवत होते. शिक्षकाचं नाव अशा यादीत येतं तेव्हा त्याच्या वर्गातली पोरंसुद्धा ती यादी मोबाइलवर बघतात. अडीच वर्षांनी का होईना, कागद बाहेर येतो. आणि तो बाहेर येईपर्यंत ज्याच्याकडं तुझी फाइल आणि चेक आहे, तो कधीही फोन करू शकतो. नोकरी लागल्यावर सुद्धा. विशेषतः नोकरी लागल्यावर.

"पोरांना काही होत नाही, कायदा आमच्यासाठी आहे," असं त्यानं आप्पांना सांगितलंय म्हणे. त्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते जास्त घातक आहे. २१ जून २०२४ पासून केंद्राचा नवा कायदा लागू झाला. पेपर फोडणं, उत्तरपत्रिकेत फेरफार करणं यांना तीन ते पाच वर्षं कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. टोळीनं केलं तर पाच ते दहा वर्षं आणि दंड किमान १ कोटी. गुन्हा अजामीनपात्र. राज्यानंही त्याच वर्षी जुलैच्या अधिवेशनात तसंच विधेयक मांडलं. केंद्राच्या कायद्याचा रोख टोळ्यांवर आहे, उमेदवाराचा निर्णय परीक्षा घेणारी संस्था आपल्या नियमांनी करते, हे खरं. पण त्या नियमांत निकाल रद्द करणं आहे, पुढच्या परीक्षांना बंदी आहे. तुझ्यासारखीच्या दृष्टीनं ती शिक्षा लहान कशी म्हणायची?

आणि निव्वळ थापा मारणारे तर ढिगानं. २ फेब्रुवारी २०२५ ला राज्य लोकसेवा आयोगाची गट ब ची संयुक्त पूर्वपरीक्षा होती, त्याच्या आधी मुलांना फोन गेले होते, चाळीस लाखांत पेपर देतो म्हणून. फोन करणाऱ्यांना पोलिसांनी पकडलं. आयोगानं सांगितलं, पेपर सुरक्षित आहेत. मी स्वतः अशा परीक्षांना केंद्रावर काम केलंय. सीलबंद पाकीट वर्गात येतं, सील शाबूत आहे म्हणून दोन उमेदवारांच्या सह्या घ्यायच्या, मगच कात्री लावायची. त्या सह्या करताना मुलांची बोटं कशी थरथरतात ते मी बघितलंय. आपण कशावर सही करतोय हे न वाचता ती करतात. पुढच्या वेळी तुझ्यावर पाळी आली तर पाकीट हातात घे, चारी कडा नीट बघ, मग सही कर. तो तुझा हक्क आहे.

आता एक गोष्ट सांगतो, ती मी घरातही फारशी बोललेलो नाही. १९९१ साल. नोकरीला लागून मला दुसरंच वर्ष होतं. दहावीच्या बीजगणिताच्या पेपरला एका केंद्रावर मी पर्यवेक्षक होतो. सकाळीच आम्हाला एका वरिष्ठांनी सांगितलं होतं, "निकाल राखायचाय, लक्षात ठेवा." खिडकीच्या गजांतून गाइडची फाडलेली पानं आत येत होती. तिसऱ्या बाकावरच्या मुलानं एक पान मांडीखाली सरकवलं आणि माझ्याकडं बघितलं. धीट पोरगा नव्हता तो. मी काय करतो, याची तो वाट बघत होता. मी दाराकडं तोंड केलं आणि मैदानातली लिंबाची झाडं बघत उभा राहिलो.

तो पास झाला. काही वर्षांनी पोलीस भरतीची पुस्तकं घेऊन माझ्याकडं आला. पळायला हरणासारखा, मैदानात कधीच कमी पडला नाही. पण शेकडेवारी त्याला येत नव्हती. शंभराला बारा तर अडीचशेला किती, इथं तो अडायचा. तीन भरत्या लेखीत गेल्या. तो मला त्या दिवसाबद्दल कधी एक शब्द बोलला नाही. मी मात्र त्याला शिकवताना दर वेळी ते मांडीखालचं पान बघत होतो. पेपरफुटीची बातमी आली की सगळे सूत्रधार कोण म्हणून विचारतात. मला त्या वर्गाचं दार आठवतं, कारण त्या दारात मी होतो. माझ्या घरी कुणी असली फाइल आणली तर मी ती का धरून ठेवतो, ते आता तुला कळलं असेल.

तुझं एक म्हणणं मात्र मला खोडायचं आहे. तलाठी भरतीत घोटाळाच झाला, दोनशेत २१४ मार्क कसे पडतात, असं तू म्हणतेस. साडेचार हजारांच्या आसपास जागा, दहा लाखांवर अर्ज, नऊशे-हजार रुपये फी, त्यात तो २१४ चा आकडा. संताप यावा असंच ते दिसतं. पण परीक्षा वेगवेगळ्या सत्रांत झाली, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. कुणाला अवघड आला, कुणाला सोपा. ते एका पातळीवर आणायला सामान्यीकरण करतात, आणि त्या सूत्रात कठीण सत्रातल्या वरच्या मुलाचे गुण दोनशेच्या पुढं जाऊ शकतात. ते सूत्र मुलांना आधीच, सोप्या भाषेत, उदाहरण देऊन समजावायला हवं होतं, ही तक्रार रास्त आहे. पण प्रत्येक न पटणाऱ्या आकड्याला घोटाळा म्हटलं की "सगळीकडं हेच चालतं, मग आपणच का मागं राहायचं?" हे वाक्य तोंडात यायला वेळ लागत नाही. दलालाचा निम्मा धंदा त्या वाक्यावर चालतो.

राग यायलाच पाहिजे तिथं मात्र तो गिळू नकोस. २०२१ च्या डिसेंबरात म्हाडाच्या भरतीची परीक्षा आदल्या रात्री पुढं ढकलली, पेपर फुटणार असल्याचं उघड झालं म्हणून. एसटीचा संप चालू होता. आपल्याकडची पोरं वडापच्या जीपनं, दुचाकीवरून, थंडीत केंद्राच्या गावी पोचलेली होती. त्याआधी आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला होता, त्यात खात्याचे अधिकारीच सापडले. ज्या मुलांनी तेव्हा स्क्रीनशॉट, वेळा जपून ठेवून तक्रारी केल्या, त्यांच्यामुळे पुष्कळ बाहेर आलं. तूही तसंच कर. त्या माणसाचे मेसेज पुसू नकोस. त्याचा नंबर, कुठल्या तारखेला काय बोलला, एका वहीत लिही. तक्रार द्यायचं ठरवलंस तर मी बरोबर येईन. आप्पांना पुढं करायची गरज नाही.

दुसरं, या वर्षीच्या जाहिराती होईपर्यंत अभ्यास कर, पण सोबत पोटापुरतं काही तरी धर. पलूसला एक संस्था हिशेबाच्या कामाला मुलगी शोधतेय, अर्धा दिवस. मी साताऱ्याला रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात कमवा आणि शिका योजनेतून शिकलो. सकाळी बागेत पाणी पाजून तासाला बसायचो. महिन्याकाठी स्वतःचे चार पैसे हातात आले की दलालाला "नको" म्हणायला जो जोर लागतो, तो येतो. हे मी अनुभवानं सांगतोय.

आप्पांनी तासगावच्या अडत्याकडची बेदाण्याच्या विक्रीची पट्टी मला दाखवली. त्या पैशाला अजून हात लावलेला नाही. सोसायटीचं कर्ज त्यातून फेडा, असं मी त्यांना सांगितलंय.

गुरुवारी दुपारी ये. मागच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकेची प्रत आणि अंतिम उत्तरतालिका घेऊन ये. किती प्रश्न येत नव्हते म्हणून गेले, आणि किती घाईनं चुकीचा गोल काळा केल्यानं, ते दोघं मिळून लाल पेननं वेगळं काढू. माझा अंदाज आहे, दुसरे जास्त निघतील. फाइल कपाटात वरच्या कप्प्यात आहे. जाताना घेऊन जा.

तुझे,
सर