गुण घसरले, तर मदत थांबेल का?

दुसऱ्याच्या आर्थिक मदतीवर शिकणाऱ्या हुशार मुलांचे पालक माझ्याकडे येतात, तेव्हा एक काळजी त्यांच्या बोलण्यात हमखास असते: मुलाचे गुण कमी झाले, तर फी भरणारे हात आखडता घेतील का? वडोदऱ्यातील एका कुटुंबात ही काळजी मुलीच्या प्रकृतीवर उतरली होती. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलीची आई दांडिया बाजार परिसरात स्वयंपाकाची कामे करते. शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांमधून मुलीला पहिलीत खासगी शाळेत प्रवेश मिळाला आणि आठवीपर्यंत ती फीविना शिकली. मात्र २००९ चा हा कायदा आठवीपर्यंतच्याच शिक्षणाची हमी देतो. नववीत पूर्ण फी समोर येते आणि नेमक्या याच टप्प्यावर अनेक चांगल्या विद्यार्थ्यांची शाळा बदलते किंवा सुटते. आई जेथे काम करते, त्यांपैकी एका घरातील निवृत्त काकांनी दहावीपर्यंतची फी भरण्याची तयारी दाखवली. "नव्वदच्या खाली येऊ नकोस हं," असे ते कौतुकाने म्हणाले होते.

सहामाहीत गणिताचे गुण साठीत आले. मुलीने उत्तरपत्रिका लपवली आणि पुढच्या चाचण्यांच्या आदल्या रात्री तिला उलट्या होऊ लागल्या. डॉक्टरांना काही आढळले नाही, तेव्हा आई माझ्याकडे आली. "ताई, आता काकांना कोणत्या तोंडाने सांगू?" हा तिचा पहिला प्रश्न होता.

मुलीशी एकटीशी बोलल्यावर दोन गोष्टी समजल्या. आई संध्याकाळच्या कामाला गेली की धाकट्या भावाला सांभाळणे, पाणी भरणे आणि भाकरी करणे तिच्याकडे असे, त्यामुळे बीजगणित आणि भूमिती अवघड होऊ लागली तेव्हाच सरावाला वेळ उरला नव्हता. दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटली. प्रत्येक निकालानंतर तिला काकांच्या पाया पडून गुण दाखवावे लागत, आणि आपण हुशार राहिलो तरच आपल्याला शिकण्याचा अधिकार आहे, असे तिने मनाशी पक्के केले होते. चौदा वर्षांच्या मुलीने इतके ओझे वाहू नये, असे मला मनापासून वाटते.

आईच्या आणि मुलीच्या संमतीने मी काकांना भेटले. अपेक्षाच ठेवली नाही तर मुले बेफिकीर होतात, अशी त्यांची प्रामाणिक शंका होती. ती रास्त आहे, पण अपेक्षा कशाची ठेवावी, हे ठरवता येते. गुजरात सरकारच्या नमो लक्ष्मी योजनेत नववी ते बारावीच्या मुलींना एकूण ५०,००० रुपये मिळतात आणि त्यासाठी ८० टक्के उपस्थितीची अट आहे. नियमित शाळेत जाणे मुलीच्या हातात असते, प्रत्येक परीक्षेतील गुण नसतात. काकांना सयाजीराव महाराजांविषयी फार आदर आहे, म्हणून मी डॉ. आंबेडकरांचा दाखला दिला: १९१३ मध्ये बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले, परंतु मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. मदत किती काळ टिकणार, हे विद्यार्थ्याला आधीच आणि स्पष्ट कळणे किती महत्त्वाचे आहे, हे त्यांना लगेच पटले.

त्यांनी बारावीपर्यंतची फी थेट शाळेत भरण्याचे आणि ती गुणांवर अवलंबून नसल्याचे मुलीला पत्राने कळवले. प्रगतिपुस्तक आई आणि वर्गशिक्षिका पाहतील, काकांकडे ते न्यायचे नाही, असे ठरले. योजनेचा अर्ज शाळेमार्फत भरला. मदत करणाऱ्यांनी केवळ फीचा विचार करू नये, असे मी आग्रहाने सांगते, कारण मुलांचा अभ्यास बहुधा वेळेअभावी मागे पडतो. येथे काकूंनी स्वयंपाकाची वेळ सकाळची केली, त्यामुळे आई संध्याकाळी लवकर घरी येऊ लागली आणि मुलीला सलग दोन तास मिळाले.

वार्षिक परीक्षेत गणिताचे गुण थोडेच वाढले, पण उलट्या थांबल्या आणि उत्तरपत्रिका तिने स्वतः आईला दाखवली. दिवाळीला काकांच्या पाया पडायला पाठवावे का, असे आई अजून विचारते. ते मुलीला विचारा, असे मी तिला सांगितले आहे.