‘मॅडम, ऑपरेटिंग सिस्टीम डोक्यात शिरत नाही’

पहिल्या अंतर्गत परीक्षेचे गुण हाती आले, की सोलापुरातील माझ्या समुपदेशन कक्षात दरवर्षी संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची मुले येऊ लागतात आणि थोड्याफार फरकाने एकच वाक्य बोलतात : “मॅडम, प्रोग्रॅमिंग जमते, पण ऑपरेटिंग सिस्टीम डोक्यात शिरत नाही, मी बहुतेक या शाखेसाठी नाहीच.” ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाची कामे आणि साधने सांभाळणारी मूळ प्रणाली. मुलांच्या या वाक्याचा पूर्वार्ध अडचण सांगतो आणि उत्तरार्ध स्वतःला शिक्षा सुनावतो. माझा कल विवेकनिष्ठ विचारसरणीकडे, म्हणजे स्वतःविषयीचे टोकाचे निष्कर्ष तपासून पाहण्याकडे, असल्यामुळे मी आधी उत्तरार्धाला हात घालते.

सुहास (नाव बदलले आहे) पूर्व भागात राहणारा, मराठी माध्यमातून आलेला मुलगा. वडील यंत्रमाग कामगार. पहिल्या दोन भेटी इंग्रजी कच्चे असल्याच्या तक्रारीतच गेल्या. अनेक कामांना लागणाऱ्या सामायिक साधनाचा वापर नियंत्रित करणाऱ्या सेमाफोर या यंत्रणेतील क्रियांची ‘पी’ आणि ‘व्ही’ ही अक्षरे कशावरून आली, हे इंग्रजी माध्यमाच्या मुलांना आपोआप कळते, असे त्याने ठरवून टाकले होते. ती अक्षरे एड्सगर डायक्स्ट्रा या शास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात आपल्या डच भाषेतील शब्दांवरून घेतली, ही माहिती मी एका प्राध्यापक मैत्रिणीकडून मिळवून त्याला सांगितली, तेव्हा तो माझ्यासमोर प्रथमच हसला.

तिसऱ्या भेटीत मी विचारले, “बाबा किती माग सांभाळतात?”

“दोन.”

“दोन्हींकडे एकाच वेळी कसे पाहतात?”

“पाहत बसत नाहीत. धागा तुटला किंवा कांडी संपली, की माग थांबतो. मग तिकडे जातात.” तो क्षणभर गप्प झाला. “हे इंटरप्टसारखे आहे.”

इंटरप्ट म्हणजे ‘इकडे लक्ष दे’ असा प्रोसेसरला मिळणारा इशारा. मला हेच हवे होते, त्यामुळे उत्साहाच्या भरात मी उदाहरण आणखी ताणले : बाबा म्हणजे प्रोसेसर, माग म्हणजे प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम), आणि राउंड रॉबिन, म्हणजे प्रत्येक कामाला आळीपाळीने ठरावीक वेळ देण्याची पद्धत, हेही असेच असणार. त्याने मला थांबवले. “नाही मॅडम. एकदा सुरू केला की माग आपापला चालतो. तो डिस्क किंवा प्रिंटरसारखा आहे. प्रोसेस मात्र प्रोसेसर मिळाल्याशिवाय जागची हलत नाही. राउंड रॉबिनमध्ये तर टायमर वाजला, की काम अर्धवट असतानाच प्रोसेसर काढून घेतात, आणि काम कुठवर आले होते ते नोंदवून ठेवावे लागते. नाहीतर पुन्हा सुरू कुठून करणार?”

माझी चूक त्याने दुरुस्त केली, आणि ती करताना भाषेची अडचण त्याला आठवलीही नाही. उदाहरण कुठे जुळते हे ऐकीव माहितीवरही सांगता येते. ते कुठे जुळत नाही, हे दाखवायला मूळ गोष्ट समजलेली असावी लागते. मी एवढेच म्हणाले, “ज्याच्या डोक्यात विषय शिरत नाही, तो आत्ता कोण बोलला?” हा प्रश्न त्या वेळी सुचला, याचे समाधान मला आजही आहे.

अशा मुलांना माझे सांगणे असे, की व्याख्या पाठ करण्यापूर्वी प्रत्येक संकल्पनेला ‘ही नसती तर काय अडले असते?’ असे विचारावे आणि उत्तर प्रथम मराठीत लिहावे. इंग्रजी पारिभाषिक शब्द त्यावर नंतर बसवता येतात. शेड्युलिंगची, म्हणजे कोणते काम कधी करायचे हे ठरवण्याची, गणिते नुसती वाचू नयेत, कागदावर वेळेची पट्टी आखून सोडवावीत. 12, 3 आणि 3 मिलिसेकंदांची तीन कामे एकदम आली आणि त्याच क्रमाने केली, तर सरासरी 9 मिलिसेकंद थांबावे लागते. लहान कामे आधी घेतली, तर फक्त 3. हा फरक स्वतःच्या हाताने काढलेला मुलगा सूत्र विसरला, तरी कारण विसरत नाही. पालकांनीही ‘झेपत नसेल तर शाखा बदल’ असे एका परीक्षेवरून म्हणू नये.

सुहास अजून येतो. डेडलॉकच्या, म्हणजे कामे एकमेकांसाठी अडून सारीच ठप्प होण्याच्या, चार अटींपैकी तीन त्याने मला समजावल्या आहेत. चौथीसाठी, म्हणजे वर्तुळाकार प्रतीक्षेसाठी (प्रत्येक काम पुढच्यासाठी आणि शेवटचे पहिल्यासाठी थांबलेले), त्याला मागावरचे उदाहरण सापडत नाही आणि माझे त्याला पटत नाही.