मैदानासमोर राहणाऱ्याने जनहित याचिका करावी का?

तुमचा प्रश्न असा: विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी राखलेल्या भूखंडावर इमारतीचा फलक लागलाय, तुमची खिडकी नेमकी त्याच बाजूला उघडते, मग जनहित याचिका केली तर ‘यात तुमचाच स्वार्थ आहे’ म्हणून कोर्ट परत पाठवेल का?

शेजारी राहता एवढ्यावरून कोणी परत पाठवत नाही. शेजारी राहता हे लपवलंत तर मात्र पाठवतील, आणि ते योग्यच आहे.

उडुपीत निवासी विभागात सिनेमागृहाला परवानगी दिली गेली, तेव्हा कोर्टात तिथलाच रहिवासी गेला होता. नगररचना योजना पाळली जावी हा रहिवाशांचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली सांगितलं. बंगळुरूच्या राजमहल विलासमध्ये बागेची जागा खासगी नर्सिंग होमला दिली होती. तिथेही लढले ते आसपासचे लोकच, आणि १९९१ मध्ये जिंकले. बाग गेली की पहिली झळ शेजाऱ्यालाच बसते, मग त्याने नाही तर कोणी जायचं?

आमच्या उपनगरातल्या बागेसाठी आम्ही चौघांनी याचिका केली, तेव्हा चौघांपैकी एकाचा त्याच बिल्डरशी पार्किंगवरून दिवाणी दावा चालू होता. आम्ही त्याचं नाव वगळायच्या बेतात होतो. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, नाव राहू दे, पण दाव्याची गोष्ट पहिल्याच पानावर लिहा. सुनावणीत समोरच्या वकिलांनी तोच दावा बाहेर काढला, आणि खंडपीठाने शांतपणे सांगितलं की हे याचिकेत आहेच, पुढे बोला. त्या क्षणी मला कोर्टाच्या भाषेतल्या सद्‌भावना, म्हणजे निर्मळ हेतू, या शब्दाचा अर्थ कळला.

मुंबई उच्च न्यायालयाचे जनहित याचिकांसाठी २०१० चे नियम आहेत. त्यानुसार प्रतिज्ञापत्रावर सांगावं लागतं की यात वैयक्तिक लाभ किंवा छुपा हेतू नाही, खर्च कोण करतंय, माहिती कुठून मिळवली, हाच विषय आधी कोर्टात येऊन गेलाय का. हे उपचार म्हणून भरू नका. नागपुरात एका वकिलाने अनधिकृत बांधकामांविरुद्ध जनहित याचिका केली आणि त्याच याचिकेच्या जोरावर पैसे घेताना तो पकडला गेला. उच्च न्यायालयाने पंचवीस हजारांचा दंड बसवला, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. अशा माणसांमुळेच आज तुमच्या-माझ्याकडे संशयाने पाहिलं जातं, याचा मला मनापासून राग येतो.

हेतूची ही चौकशी आपल्याही कामी येते. अंधेरीत बस डेपोसाठी राखलेल्या भूखंडावरच्या व्यापारी बांधकामाविरुद्ध एक याचिका आधीच फेटाळली गेली होती. रहिवाशांची दुसरी आली, तेव्हा समोरच्यांनी विषय संपल्याचं सांगितलं. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पहिली याचिका खरोखर सद्‌भावनेने लोकांसाठी केली होती असं दिसत नसेल, तर ती बाकीच्यांना बांधत नाही. मूळ मुद्द्यावर रहिवासी हरले, हेही खरं. पण कोणीतरी मुद्दाम पडेल याचिका घालून तुमचं दार बंद करू शकत नाही, हे तिथे पक्कं झालं.

उशीर मात्र करू नका. कोरमंगलाच्या एका गृहसंकुलाविरुद्धची रहिवाशांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळली, त्यात उशीर हे मोठं कारण होतं. चार मजले चढेपर्यंत थांबणाऱ्याचा हेतू काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. आज महापालिकेला लेखी तक्रार द्या, आवक शिक्का घ्या, माहिती अधिकारात परवानगीची प्रत मागवा.

आणखी एक गोष्ट घरात बसून ठरवा. उद्या बिल्डर तुमच्या सोसायटीला रंगकाम किंवा जादा पार्किंग देऊ करेल. तेव्हा याचिका मागे घ्यायचा मोह होणार असेल, तर जनहित याचिका करूच नका. बाधित रहिवासी म्हणून उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली स्वतःच्या नावाने साधी रिट याचिका करा, त्यात काहीच कमीपणा नाही. जनहित याचिका एकदा दाखल झाली की तुमच्या मर्जीवर मागे घेता येत नाही. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचिकाकर्तीला बाजूला करून याचिका पुढे चालवली होती.

कोणतीही याचिका करण्याआधी झोन दाखला (भूखंडावर कोणतं आरक्षण आहे ते सांगणारा) काढा आणि नगररचना विभागात विचारा की जागामालकाने महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची, म्हणजे ‘आरक्षित जागा ताब्यात घ्या’ अशी नोटीस दिली होती का. आराखडा मंजूर होऊन दहा वर्षं उलटल्यावर अशी नोटीस आली आणि महापालिकेने मुदतीत संपादन केलं नाही, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. तसं झालं असेल तर भांडण बिल्डरशी नाही, हातावर हात ठेवून बसलेल्या महापालिकेशी आहे, आणि याचिका वेगळी लिहावी लागेल.