राणीछाप रुपया घासण्यापूर्वी
आजीच्या बटव्यात मिळालेला राणीछाप रुपया चिंचेने वा राखेने चकचकीत करण्याचा मोह आधी आवरा. १८६२ च्या त्या रुपयात सुमारे ९१.७ टक्के चांदी असली, तरी घासल्याने उठाव झिजतो आणि गेलेला मूळ पृष्ठभाग परत येत नाही. (मीही एक ढब्बू पैसा लिंबाने असाच घालवला.) माती असल्यास नाणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून मऊ सुती कापडाने केवळ टिपावे. ते नेहमी कडेने धरा. पीव्हीसीची पाकिटे टाळा, कारण त्यांतून सुटणाऱ्या रसायनाने हिरवट चिकट थर चढतो. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवा. वखरताना वावरात जुनी नाणी निघाली, तर मात्र ती धुऊही नका. १८७८ च्या कायद्यानुसार १० रुपयांहून अधिक किमतीच्या गुप्तधनाची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.