पाहुणा दाराशी पोचण्याआधी

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावर निघाली: काही दिवसांपुरतं घर भाड्यानं देणारे, ते घेणारे आणि दोघांच्या मधलं बुकिंगचं ॲप. मी गेली अनेक वर्षं घराचा वरचा मजला पाहुण्यांना देते आणि सुट्टीत स्वतः अनोळखी लोकांच्या घरी उतरते, त्यामुळे दोन्ही बाजूंची धाकधूक मला ठाऊक आहे. त्यातली निवडक पत्रं इथे घेते.

ताई, मी नुकतंच घर ॲपवर टाकलं आहे. बुकिंग झालं की लगेच पाहुण्यांना सविस्तर मेसेज पाठवते: पत्ता, किल्ली, वाय-फाय, पार्किंग, कचरा, घराचे नियम, सगळं. शेवटी विचारते, किती वाजता पोचाल? निम्मे जण उत्तरच देत नाहीत, आणि मग दाराशी उभं राहून फोन करतात, "किल्ली कुठे आहे?" लोकांना वाचायची सवयच उरली नाही का?

सवय आहे हो, पण तुमचा मेसेज ज्या दिवशी आला त्या दिवशी त्यांना किल्ली नको होती. त्या दिवशी ते तिकिटं काढत होते, रजा टाकत होते. किल्ली हवी असते ती दाराशी. तेव्हा अंधार असतो, खांद्यावर सामान असतं, पोरगं पेंगुळलेलं असतं आणि फोनची बॅटरी संपत आलेली असते. अशा वेळी महिनाभरापूर्वीच्या लांबलचक मेसेजमधून एक ओळ शोधणं कुणालाही जड जाईल. आणि तुमचा एकुलता एक प्रश्न कचऱ्याच्या नियमांच्याही खाली दडला आहे. त्यावर त्यांची नजर पोचलीच नसेल.

म्हणून मेसेज तोडा. बुकिंग झाल्यावरचा पहिला मेसेज चार ओळींचा ठेवा आणि त्यात एकच प्रश्न विचारा, कारणासकट. मी असं लिहिते: "मी संध्याकाळी १८:०० पर्यंत कामावर असते. त्यानंतर आलात तर मी स्वतः दार उघडेन, आधी येणार असाल तर किल्ली कोडनं उघडणाऱ्या पेटीत ठेवेन. साधारण केव्हा पोचाल? उत्तर आलं नाही तर किल्ली पेटीतच ठेवते." का विचारलंय ते कळलं की माणसं उत्तर देतात. आणि नाहीच दिलं तरी काय होणार आहे हे दोघांनाही आधीच माहीत असतं, त्यामुळे तुम्ही त्यांच्या उत्तराची वाट बघत बसत नाही. माझ्या मते यजमानाच्या कुठल्याही मेसेजची हीच परीक्षा आहे: समोरून एक अक्षर आलं नाही तरी त्याचं काम झालं पाहिजे.

दुसरा मेसेज आदल्या दिवशी पाठवा, आणि त्यात फक्त घरात शिरण्यापुरतंच लिहा. फोनच्या एका पडद्यावर मावेल एवढंच, म्हणजे पाहुण्याला स्क्रीनशॉट काढून ठेवता येतो. परक्या देशात उतरलेल्या माणसाच्या फोनला अनेकदा नेट नसतं, हे विसरू नका. याच कारणासाठी वाय-फायचं नाव आणि पासवर्ड याच मेसेजमध्ये हवेत आणि आत टेबलावर कागदावरही हवेत.

फोटो जोडा, पण रात्री काढलेला. माझ्या घराचं रस्त्यावरून दिसणारं दार माझं आहे. पाहुण्यांचं दार डाव्या अंगाच्या जिन्यानं वर गेल्यावर लागतं, आणि दिवसा काढलेल्या फोटोतला तो जिना रात्री कुणालाच ओळखता येत नाही. बाहेरचा दिवा लावून काढलेला फोटो टाकायला लागल्यापासून चुकीच्या दाराची बेल वाजणं जवळजवळ थांबलं. किल्लीच्या पेटीचंही तसंच. नुसता कोड देऊन भागत नाही. पेटी कुठल्या उंचीवर आहे, आकडे जुळवल्यावर कुठली कळ खाली ओढायची, किल्ली कुठल्या बाजूला फिरते, दार आपल्याकडे ओढून धरावं लागतं का, हे सगळं लिहा. घरच्या माणसाच्या हाताला हे सवयीचं असतं, म्हणून आपलं ते लिहायचं राहून जातं. शक्य असेल तर एखाद्या मैत्रिणीला फक्त तुमचा मेसेज देऊन दार उघडायला सांगा. ती जिथे अडेल तिथे एक ओळ वाढवायची.

वाक्यं छोटी ठेवा आणि वेळ २४ तासांच्या पद्धतीनं लिहा. एअरबीएनबी या घरभाड्याच्या ॲपनं २०२१ मध्ये साठाहून अधिक भाषांसाठी आपोआप भाषांतराची सोय आणली, त्यामुळे तुमचा मेसेज पाहुणा कदाचित वेगळ्याच भाषेत वाचत असेल. साधं वाक्य या प्रवासात टिकतं, वळणावळणाचं टिकत नाही.

राहता राहिले घराचे नियम. त्यांची जागा जाहिरातीत, बुकिंगच्या आधी. पैसे भरून झाल्यावर नवा नियम कळवणं हे पाहुण्यावर अन्याय करणारं आहे. कॅमेऱ्यांच्या बाबतीत तर ३० एप्रिल २०२४ पासून एअरबीएनबीनं घराच्या आतल्या कॅमेऱ्यांवर जगभर बंदीच घातली आहे, आणि बाहेरच्या कॅमेऱ्यांची माहिती बुकिंगआधी देणं बंधनकारक आहे. मला ही बंदी मनापासून पटते. तुमच्या अंगणात कॅमेरा असेल तर आजच जाहिरातीत तसं लिहा.

आमचं विमान १५ तारखेला रात्री दीड वाजता उतरतं. घर १५ तारखेपासून घेतलं आहे. आता यजमान म्हणतात, "चेक-इन दुपारी तीनला." मग रात्रभर आम्ही कुठे बसायचं?

तुम्हाला १४ तारखेची रात्र घ्यावी लागेल. ॲपच्या हिशेबात रात्र ज्या तारखेला सुरू होते त्या तारखेची असते, म्हणून १५ तारखेच्या पहाटे झोपायचं तर १४ तारीख बुक करायची. यजमानांचं काही चुकलेलं नाही. त्यांच्याकडे १४ च्या रात्री दुसरं कुणी असू शकतं. मोकळी असेल तर ती रात्र ॲपमधूनच जोडून घ्या, आणि मेसेज असा करा की त्यात शंकेला जागा राहणार नाही: "आम्ही १४ आणि १५ च्या मधल्या रात्री, म्हणजे १५ तारखेला पहाटे ०३:०० च्या सुमारास दाराशी पोचू." विमान दीडला उतरलं तरी पासपोर्टची रांग आणि सामान यांत वेळ जातो, म्हणून उतरण्याची वेळ न देता दाराशी पोचण्याची वेळ द्या. विमानाचा क्रमांकही कळवा. उशीर झाला तर तो त्यांना घरबसल्या दिसतो. संध्याकाळी कुणी आलं नाही म्हणून "पाहुणा आलाच नाही" अशी नोंद होऊ नये, यासाठीही हा मेसेज लेखी हवा.

परवा ॲपच्याच चॅटमध्ये, आम्ही जिथे उतरणार आहोत त्या हॉटेलच्या नावानं मेसेज आला: "तुमच्या कार्डाची पडताळणी अपुरी आहे. १२ तासांत खालच्या लिंकवर माहिती भरा, नाहीतर बुकिंग रद्द होईल." माझं नाव, तारखा, रक्कम सगळं बरोबर. चॅट खरी आहे तर मेसेजही खराच ना?

लिंक उघडू नका. उघडून कार्डाचा क्रमांक भरला असेल तर हे वाचणं थांबवा आणि आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करा.

चॅट खरी असूनही मेसेज खोटा असू शकतो, हेच या फसवणुकीचं बळ आहे. २०२३ मध्ये सुरक्षा संशोधकांनी बुकिंग डॉट कॉमवरच्या हॉटेलांच्या बाबतीत हा प्रकार उलगडून दाखवला. भामटा आधी पाहुणा बनून हॉटेलला ईमेल करतो, "माझा पासपोर्ट तुमच्याकडे राहिला, हा घ्या फोटो." मदत करायच्या ओढीनं स्वागतकक्षातला कर्मचारी ती फाइल उघडतो, आणि तिच्यातला प्रोग्रॅम संगणकातले पासवर्ड चोरतो. मग भामटा हॉटेलच्या खऱ्या खात्यात शिरतो. तिथे त्याला खरी नावं, खऱ्या तारखा, खरी रक्कम दिसते आणि तो खऱ्याच चॅटमधून लिहितो. एका भल्या माणसाचा चांगुलपणा वापरून दुसऱ्याला लुटायचं, याचा मला फार संताप येतो.

तुम्ही इतकंच करा. मेसेजमधल्या लिंकला हात न लावता ॲप स्वतः उघडा आणि बुकिंगच्या पानावर पैशांची स्थिती पाहा. तिथे काही बाकी दिसत नसेल तर काहीही बाकी नाही. मग हॉटेलला फोन करा. नंबर त्या मेसेजमधला नको, त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा घ्या. आणि ॲपच्या मदत विभागाला कळवा, कारण त्याच हॉटेलच्या इतर पाहुण्यांनाही तोच मेसेज गेला असणार.

घर देणाऱ्यांनी खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावावं आणि पाहुण्याच्या नावानं आलेली कुठलीही फाइल बुकिंग तपासल्याशिवाय उघडू नये. मी पहिल्याच मेसेजमध्ये लिहून टाकते, "पैशांसाठी मी तुम्हाला कधीही लिंक पाठवणार नाही." एका वाक्याचं काम आहे.

याच्याच जवळचा एक मोह म्हणजे "व्हॉट्सॲपवर या, थेट पैसे पाठवा, स्वस्तात देतो." नाही म्हणा. एअरबीएनबी यजमानाला पैसे चेक-इनच्या वेळेनंतर साधारण २४ तासांनी सोडते. म्हणजे किल्ली लागली नाही, घर भलतंच निघालं, तर पैसे अजून ॲपकडेच असतात. बाहेरून पैसे पाठवलेत की हे संरक्षण गेलं.

यजमान पासपोर्टची प्रत आधीच मागतात. द्यावी का?

मागण्यात गैर असेलच असं नाही. बऱ्याच देशांत पाहुण्यांची नोंद सरकारला देणं यजमानावर बंधनकारक असतं. स्पेनमध्ये तर २ डिसेंबर २०२४ पासून ही माहिती पूर्वीपेक्षा बरीच सविस्तर द्यावी लागते. ॲपनं तुमची ओळख तपासलेली असली तरी ते तुमचं ओळखपत्र यजमानाला दाखवत नाही, म्हणून तो वेगळं मागतो. कुठल्या नियमासाठी हवंय ते ॲपच्या चॅटमध्ये विचारा. नियम असेल तर बहुधा फक्त तपशील पुरतात किंवा पोचल्यावर पासपोर्ट दाखवून भागतं. प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: फक्त या मुक्कामासाठी, आणि तारीख.

उद्या दुपारी पोचायचंय. पत्ता मिळाला, पण घरात कसं शिरायचं ते कळलेलं नाही. यजमान कालपासून गप्प आहेत. मदत विभाग म्हणतो, "आम्ही त्यांच्याशी संपर्क साधला आहे." बुकिंग कॅन्सल करून टाकू का?

तुम्ही कॅन्सल करू नका. हे सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही रद्द केलंत तर रिफंड पाहुण्याच्या रद्दीकरणाच्या नियमानं मिळतो, आणि आदल्या दिवशी तो अनेकदा फारच कमी असतो. यजमान दार उघडून देऊ शकला नाही तर गोष्ट वेगळी होते. उद्या सकाळी यजमान उगवले आणि "अडचण आहे, तुम्हीच रद्द करा ना" म्हणाले, तरी ऐकू नका. एअरबीएनबीवर यजमानानं सबळ कारणाशिवाय रद्द केलं तर त्याला बुकिंगच्या रकमेच्या १० ते ५० टक्के दंड बसतो, आणि ४८ तासांहून कमी वेळ उरला असेल तर ५० टक्के. म्हणून ते काम पाहुण्याच्या गळ्यात घालायचा प्रयत्न होतो. शांतपणे लिहा, "रद्द करायचं असेल तर कृपया तुमच्या बाजूनं करा."

आत्ता चॅटमध्ये तीन ओळी लिहा: उद्या १४:०० ला पोचतोय, किल्लीची माहिती मिळालेली नाही, आज २०:०० पर्यंत कळवा. राग नको, विशेषणं नकोत. मदत विभागातला माणूस हा वाद पुढे कधीतरी फक्त या चॅटवरून समजून घेणार आहे. मग एकदा फोन करा आणि फोन केल्याचंही चॅटमध्ये लिहा.

आठ वाजेपर्यंत उत्तर आलं नाही तर पुन्हा मदत विभागाकडे जा, पण या वेळी नेमकं मागा. "संपर्क साधा" हे मागणं फार मोघम आहे. "सकाळी दहापर्यंत यजमान बोलले नाहीत तर मला पूर्ण रिफंड किंवा तेवढ्याच सोयीचं दुसरं घर हवं आहे, हे लेखी कळवा," असं म्हणा. आज रात्रीच जवळपासची एखादी खोली हेरून ठेवा, फुकट रद्द करता येईल अशी, आणि ती किती वाजेपर्यंत रद्द करता येते ते नीट वाचा. उद्या दाराशी जाऊनही आत जाता आलं नाही तर बंद दाराचा फोटो आणि केलेल्या कॉलची यादी जपून ठेवा आणि तिथूनच तक्रार नोंदवा. एअरबीएनबीवर अडचण लक्षात आल्यापासून ७२ तासांची मुदत असते, पण तिच्या भरवशावर थांबू नका. संध्याकाळ झाली की दुसरं घर मिळणं अवघड होत जातं.