नागपुरात घराशेजारी मोकळा प्लॉट आहे. पक्षी-फुलपाखरांसाठी कोणती झाडं लावू?

झाडं लावायच्या आधी एक विनंती: प्लॉट ‘साफ’ करायला जेसीबी बोलावू नका. आधी तिथे काय काय आहे ते बघा. बोराटी, रुई, तरोटा, कुसळीचं गवत, हे सगळं कामाचं आहे. रुईच्या पानांवर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या वाढतात. पान उलटून पाहा, पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी सापडेल. उन्हाळ्यात टिटवी उघड्या खड्यांवरच अंडी घालते, तीही अगदी खड्यांच्याच रंगाची. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली की तिथूनच मागे फिरा.

घाणेरी आणि सुबाभूळ मात्र मुळासकट काढा. दोन्ही बाहेरच्या, आणि पसरल्या की खाली दुसरं काही उगवू देत नाहीत.

जागा मोठी असेल तर एक उंबर लावाच. हरियाल, धनेश, वटवाघळं सगळ्यांचं पोट भरतं. पण भिंतीपासून लांब लावा. सोबत पळस, बहावा, कडुनिंब. मोह सावकाश वाढतो, तरी मी लावेनच. जागा लहान असेल तर कढीपत्ता आणि लिंबू पुरे, स्वॅलोटेल गटातली काही फुलपाखरं त्यांच्यावर अंडी घालतात.

रोपं जुलैमध्ये लावा, पहिले दोन उन्हाळे पाणी द्या. पालापाचोळा जाळू नका, आळ्यातच पसरा. आणि संक्रांतीनंतर झाडांत अडकलेला मांजा काढाच. त्यात पंख अडकलेला पक्षी दिसला तर ओढाताण न करता वन विभागाच्या १९२६ वर फोन करा. सेमिनरी हिल्सला वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र आहे.