नैराश्यासाठी ईसीटी (भूल देऊन मेंदूला विजेचे झटके देण्याचा उपचार) घेतल्यावर स्मरणशक्ती कायमची जाते का?

सगळी जात नाही. पण काहीच परिणाम होत नाही, असं कुणी सांगितलं तर तेही खरं नाही. प्रत्येक वेळी शुद्धीवर येताना थोडा गोंधळ होतो; आपण कुठे आहोत, आज वार कोणता, चटकन सुचत नाही. नवीन गोष्टी लक्षात न राहणं कोर्स संपल्यावर बहुतेकांचं काही आठवड्यांत सुधारतं. खरा फटका बसतो तो उपचारांच्या आसपासच्या महिन्यांतल्या आठवणींना. एखादा प्रवास, एखादं महत्त्वाचं बोलणं पुसलं जातं आणि त्यातलं काही कधीच परत येत नाही. दोन्ही बाजूंऐवजी डोक्याच्या उजव्या बाजूलाच इलेक्ट्रोड लावून विजेच्या अगदी आखूड पल्स (क्षणिक लहरी) दिल्या तर हा त्रास कमी होतो. डॉक्टरांना हे आधीच विचारा आणि महत्त्वाच्या गोष्टी वहीत लिहून ठेवा.